जाहिरात समजून

मलकपेठ, हैदराबाद
८ जानेवारी २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

ज्योतीचा फोन आला आणि बातमी कळली, की तू टीव्हीवर येणार आहेस. तिला म्हटलं, दे तुझ्या सासूकडे. तर तुझं नेहमीचं 'काय? काय?' सुरू झालं, म्हणून पत्राला बसलो. तशीही लिहायला शिकल्यापासून तू फोनवरचं बोलणं खिजगणतीत धरत नाहीस. भावानं कागदावर लिहिलं तरच ते खरं.

तू काही काळजी करू नकोस. तुमच्याकडे दुपारची लाईट असते नसते, माझ्याकडे तुझा कार्यक्रम पक्का उतरवून ठेवतो. आमचा आदर्श बेंगळुरूला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर टाकून गेला होता. टेलिफोन खात्यात जन्मभर तारा जोडलेल्या माणसाला ते बघवेना. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत जाऊन गच्चीवरच्या डिशची तार जोडायचं एक कार्ड शोधून आणलं. दुकानदार म्हणतो, "चचा, ये कार्ड अब कौन पूछता? सब मोबाइल पे देख लेते." मी म्हटलं, "मैं पूछ रौं ना मियाँ, निकालो." आता हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळेला आपोआप उतरतो. मी घरी असो नसो.

यातलं सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीचं नाही, अक्का. जगभरच्या माणसांनी आपापल्या घरी बसून थोडं थोडं लिहिलंय आणि सगळ्यांसाठी मोकळं ठेवलंय. कुणीही घ्यावं, वापरावं, हवं तर बदलावं. अट एवढीच, की ज्यानं जे लिहिलं त्याचं नाव पुसायचं नाही. कुणी एक ओळ लिहिलेली असली तरी त्याचं नाव तिथं राहतं. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं.

शिवाय ते जाहिराती गाळतं. वाहिनीचं चिन्ह कोपऱ्यात असतं ना, ते जाहिरातीत नसतं आणि मध्ये क्षणभर पडदा काळा होतो. त्यावरून मशीन ओळखतं आणि लावताना तेवढ्यावरून उडी मारून पुढे जातं. कधी त्याचं चुकलं तर आपण हातानं खूण करायची.

आमच्या इथल्या मराठी मंडळींची महिन्यातून एका रविवारी बैठक असते. बाळकृष्णराव वकील, त्यांच्या कमलताई, एकनाथराव, अजून चार घरं. सगळी पिढ्यान्‌पिढ्या इथली, वकिलीतली नाहीतर शिक्षकी पेशातली. पुढची बैठक माझ्याकडे आहे. सगळ्यांना तुझा कार्यक्रम दाखवणार, आणि मग तुला पेन ड्राइव्हवर घालून पाठवणार.

तू काय गाणार आहेस ते मात्र आधी कळव. सहज विचारतो.

तुझा,
देवराव

&nbsp;

पांगरी, जि. परभणी
२० जानेवारी २०२४

चि. देवराव यास,
जयभीम.

पत्र मीच वाचलं. 'खिजगणती' दोनदा वाचावं लागलं. ज्योती म्हणाली, मामांना सोपं लिहायला सांगा.

टीव्हीवाले येऊन गेले. जातं माळवदाखाली पालथं पडलेलं, ते उचलायला लावलं. धुतलं. मग म्हणाले, आजी, नुसतं फिरवू नका, जोंधळे घाला. म्हटलं, रिकामं जातं फिरवायला मला काय वेड लागलंय का, तुम्ही बाजूला व्हा आधी. पदराखाली एक बटण लावलं, त्यातून म्हणे आवाज जातो. शेजारची भामा दारात उभी राहून सगळं बघत होती. तिलाही गायला बसायचं होतं, पण तिला सारखा खोकला येतो.

काय गायले ते विचारलंस. ऐकशील तेव्हा कळेल. तुझ्या ओळखीचंच आहे. गाऊन झाल्यावर टीव्हीवाल्यांतल्या एका पोरीनं मला काही विचारलं आणि मी उत्तर दिलं. ते तू नीट ऐक. मधूनच उठून जाऊ नको, तुला सवय आहे.

तुझं मशीन चांगलं दिसतंय. एक ओळ लिहिणाऱ्याचंही नाव ठेवतात, हे वाचून मला बरं वाटलं. चांगली माणसं असतील.

मला टीव्हीत बघायचंय रे. मी आजवर स्वतःला एवढ्याशा आरशात बघितलंय, कपाळ दिसलं तर हनुवटी दिसत नाही. लाईट नसली तर तुझ्यावरच भरवसा.

केसर

&nbsp;

मलकपेठ, हैदराबाद
६ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

कसं लिहावं कळत नाही. कार्यक्रम झाला. मशीननं तो उतरवलाही. पण तुझा भाग त्यात दिसत नाही.

झालं असं, की मशीननं तुझा भाग जाहिरात समजून गाळला. तुझ्या भागाआधी पडदा काळा झाला असणार आणि कोपऱ्यातलं चिन्ह गेलं असणार. बिचाऱ्या यंत्राला काय कळतंय? आधीच्या सेलूच्या बाई दिसतात, नंतरच्या वसमतच्या दोघी बहिणी दिसतात, मध्ये तू नाहीस. रविवारी सगळे जमले होते. तारामतीनं उपमा केला होता. वसमतच्या बहिणींचं गाऊन झालं, कार्यक्रम संपला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कमलताई म्हणाल्या, "वाहिनीवाल्यांनी ऐनवेळी कापलं असेल हो, करतात ते असं." मीही तसंच म्हणालो. मशीनचं सगळ्यांना कुठे समजावत बसायचं.

वाहिनीला फोन केला होता. पुन्हा दाखवणार नाहीत म्हणतात, आणि इंटरनेटवरही टाकत नाहीत.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्याकडे तर दिसलाच असेल ना? दिसला असेल तर माझ्या मशीनचं कुणाला एवढं दुःख. तब्येत जप.

तुझा,
देवराव

&nbsp;

पांगरी
१७ फेब्रुवारी २०२४

चि. देवराव यास,
जयभीम.

लाईट नव्हती. सगळ्या बाया आमच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. ज्योतीनं टीव्ही पुसून ठेवला होता. लाईट आली तेव्हा बातम्या लागल्या होत्या. मी म्हटलं, माझ्या भावानं उतरवलंय, आठ दिवसांत पेन ड्राइव्ह येतो, मग बघा.

आता भामा पाणवठ्यावर सांगते, केसरबाई टीव्हीत नव्हतीच, तिच्या भावानंच लिहिलंय. परभणीच्या तिच्या भाचीनं बघितलं म्हणते, पण तिला केसरबाई आठवत नाही. कोणी तोंडावर बोलत नाही. नुसतं विचारतात, आला का गं तुझा तो ड्राइव्ह?

देवराव, एक सांग. मशीन जाहिरात कशावरून ओळखतं? काळा पडदा, कोपऱ्यातलं चिन्ह, हे तू लिहिलंस ते मी परत वाचलं. त्या पोरीनं मला त्यांच्या फोनवर आधीच्या बायांचं थोडंसं दाखवलं होतं, त्यात कोपऱ्यात चिन्ह होतं. आणि चिन्हाचं राहू दे, पण मी तर काही विकत नव्हते.

तू म्हणालास, ते उडी मारून पुढे जातं. म्हणजे खालचं तिथंच राहत असणार. घरात कचरा झाडला तरी तो सुपलीत राहतो. जरा बघ त्याच्या सुपलीत.

केसर

&nbsp;

मलकपेठ, हैदराबाद
१ मार्च २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. 'मी तर काही विकत नव्हते' हे तुझं वाक्य मला जेवू देत नाही.

मशीनची चूक नव्हती. तुझा भाग मी कापला. हातानं.

कार्यक्रम उतरला त्या संध्याकाळी मी एकटाच बघायला बसलो. तू दिसलीस. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू नाही, नुसता तो आपल्या आईसारखा बसलेला चेहरा. पहिलाच घास जात्यात घातलास आणि सुरू केलंस,

दळण दळते मी, पीठ पडे भुरुभुरू
बंधवाच्या पाटीवरी पहिलं अक्षर झालं सुरू

आणि मी तिथंच थांबवलं. पुढे ऐकलंच नाही. तुझ्या भागाच्या सुरुवातीला एक खूण केली, शेवटाला एक खूण केली, आणि मशीनला सांगितलं, ही जाहिरात आहे.

का, ते आता लिहितो. अक्षर वाईट येतंय, समजून घे.

इथं पहिली काही वर्षं मी 'टेलिफोनवाले देवराव' होतो. कुणाचा फोन बंद पडला की घरी बोलावणं यायचं. चहा मिळायचा, नाही असं नाही, पण दारातल्या खुर्चीवर. मग एकदा बैठकीत सगळे आपापलं काही वाचत होते, बाळकृष्णराव म्हणाले, "देवराव, तुम्हीही ऐकवा काहीतरी." माझ्याकडे काय होतं ऐकवायला? तू दळताना म्हणायचीस ते होतं. मी ते म्हटलं. कमलताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "पुरुष असून बाईचं मन किती ओळखलंत हो तुम्ही. तुमचीच रचना का?" अक्का, मी मान हलवली. एवढंच केलं. मान हलवली.

त्यानंतर मी कवी झालो. दरवेळी तुझी एक ओवी. 'जात्याला देते घास, जोंधळ्याची मूठ मूठ. बंधू माझा शाळंला जातो, पायी नाही त्याच्या बूट' ही तर गणपतीच्या कार्यक्रमात मोठ्या स्टेजवर म्हटली. शाल मिळाली. ओव्या कुणाच्या एकाच्या थोड्याच असतात, त्या सगळ्यांच्या असतात, असं मी मनाला समजावत होतो. पण त्या सगळ्यांच्या नाहीत. पायात बूट नसलेला तो पोरगा मी होतो आणि जात्यावर तू होतीस.

त्या रविवारी ती मंडळी माझ्या घरात बसून तुझ्या तोंडून माझी कविता ऐकणार होती. मला ते झेपलं नाही. म्हणून पाणवठ्यावर तू खोटी ठरलीस. लाज वाटते अक्का. तुला लिहिताना वाटते, मशीनसमोर बसताना वाटते. ज्यांनी एक ओळ लिहिली त्यांची नावं जपतात म्हणून मी तुला मोठ्या तोंडानं लिहिलं होतं.

कापलेलं पुसलं जात नाही, हे तू बरोबर ओळखलंस. खुणा काढल्या की सगळं तसंच आहे. मी अजून पुढचं ऐकलेलं नाही, एकट्यानं ऐकायचा धीर नाही. येत्या बैठकीत सगळ्यांसमोर लावतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. पेन ड्राइव्ह या पत्रासोबत आहे.

तुझा,
देवराव

&nbsp;

मलकपेठ, हैदराबाद
११ मार्च २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो.

बैठक काल बाळकृष्णरावांकडे होती. कॉम्प्युटरच उचलून रिक्षातून नेला. मी म्हटलं, मागच्या वेळी माझ्या मशीनमुळे बहिणीचा भाग राहिला होता, तो आज दाखवतो. 'मशीनमुळे' हा शब्द अजूनही तोंडातून निघालाच. वाटलं होतं, तुझं गाऊन झालं की उभं राहायचं आणि सांगायचं, की हे हिचं आहे, मी चोरलं.

तू पहिली ओवी गायलीस. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. बुटाची गायलीस, तेव्हा कमलताई माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले. जातं थांबलं. त्या मुलीनं विचारलं, "आजी, या ओव्या तुम्हाला कुणी शिकवल्या?"

आणि तू कॅमेऱ्याकडे बघून म्हणालीस, "ह्या माझ्या धाकट्या भावानं रचल्यात. हैदराबादला असतो. कवी आहे."

अक्का, खोलीत टाळ्या वाजल्या. बाळकृष्णरावांनी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. एकनाथराव म्हणाले, "बहीण असावी तर अशी. कुठल्या कुठल्या खेड्यात तुमच्या ओव्या जात्यावर बसल्या बघा." मी उभा राहिलो. म्हणालो, "नाही, त्या तिच्या आहेत. मी फक्त म्हणत आलो."

बाळकृष्णराव हसले. "देवराव, याला म्हणतात मोठेपण." कमलताई म्हणाल्या, "किती तो विनय."

मी परत बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात चहा आला. कुणीतरी कप हातात दिला, कुणीतरी साखर विचारली. अक्का, मी चहा घेतला आणि खुर्चीवर बसलो. दुसऱ्यांदा बोललो नाही. घरी येताना रिक्षात तारामती म्हणाली, "आपल्या लग्नात वन्संनी ही बुटाची ओवी म्हटली होती. तेव्हा तुम्ही कुठे कवी होता?" मूसी नदीचा पूल येईपर्यंत मी बाहेर बघत होतो आणि पूल गेल्यावरही.

तू असं का बोललीस? तुला कोणी सांगितलं होतं? मी जो भाग कापला त्यात तू मला वाचवलं होतंस. आणि आता खरं बोललो तरी कुणाला ते खरं वाटत नाही. मला काय करावं कळत नाही. तू सांग.

तुझा,
देवराव

&nbsp;

पांगरी
२२ मार्च २०२४

चि. देवराव यास,
जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्यातलं अक्षर खरंच वाईट होतं. ज्योतीला दिलं नाही. मीच वाचलं, दोन दिवस लागले.

आधी पेन ड्राइव्हचं. शाळेच्या मास्तरांनी कॉम्प्युटरवर लावला. सगळ्या बाया शाळेत आल्या. मी फार म्हातारी दिसते रे. आवाज मात्र बरा आहे. भामा म्हणाली, जातं छान धुतलं होतंस. तेवढं पुरे.

तुला कोणी सांगितलं, विचारतोस. दिवाळीच्या आधी ज्योतीनं मोबाइलवर दाखवलं. तू स्टेजवर, खांद्यावर शाल, बुटाची ओवी म्हणतोस आणि म्हणतोस, माझी ही रचना. मी ज्योतीला म्हटलं, बंद कर, बॅटरी जाईल. रात्री जेवले नाही. तिला सांगितलं, पोट दुखतंय. मला राग आला होता. अजून आहे. तू मागितलं असतंस तर मी दिलं नसतं का? पण तू मागितलं नाहीस.

टीव्हीवाले आले तेव्हा मी ठरवलं होतं, की ओव्या माझ्या आहेत असं सांगायचं. पण त्या पोरीनं विचारलं आणि मला तुझ्या तिथल्या लोकांचे चेहरे दिसले. मी त्यांना ओळखत नाही, तरी दिसले. ते तुला दारातल्या खुर्चीवर परत बसवतील असं वाटलं. म्हणून खोटं बोलले. तू ऐकावंस आणि तुझं तुला कळावं, एवढंच मनात होतं. म्हणून लिहिलं होतं, मधूनच उठू नको. तू नेमका उठलास.

मी एकदा तुझ्यासाठी खोटं बोलले. आता ते मी मागे घेणार नाही, टीव्हीवाले काही परत यायचे नाहीत. तुला ते पुसायचं असेल तर तू पूस.

तुला माझ्या सगळ्या ओव्या येत नाहीत. एक मी तुझ्यासमोर कधी म्हटली नाही. तू नोकरीवर गेलास त्या पहिल्या वर्षाची आहे. खाली लिहिते. तुझ्या बैठकीत वाच. मग विचारू दे त्यांना कुणाची ते.

पीठ गेलं शहराला, जातं राहिलं घरी
बंधू माझा मोठा झाला, ओळख देईल का तरी

केसर

&nbsp;

मलकपेठ, हैदराबाद
८ एप्रिल २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

काल बैठक झाली. तुझं पत्र खिशात घेऊन गेलो. मंडळी म्हणाली, देवराव, नवीन काही? मी म्हटलं, नवीन नाही, जुनं आहे, आणि माझं नाही. सगळे हसले. त्यांना तो परत विनयच वाटला.

मी तुझी ओवी वाचली. दुसरी ओळ 'मोठा झाला' इथपर्यंत गेली आणि मी कागद कमलताईंकडे दिला. त्यांनी उरलेलं वाचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी सांगितलं, की सगळ्या ओव्या अक्काच्या आहेत, मी त्या माझ्या म्हणून म्हटल्या, आणि तिचा भाग मशीननं नाही, मी कापला होता. बाळकृष्णराव खाली बघत होते. एकनाथरावांनी घसा साफ केला. यावेळी चहा आला तेव्हा मी तो घेतला नाही.

निघताना कमलताई दारापर्यंत आल्या. मला वाटलं, आता या बोलतील ते ऐकायचं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही गावी शेवटचं कधी गेला होतात?"

अक्का, मला खरंच आठवेना.

उद्या सकाळच्या गाडीनं निघतो आहे. शाल सोबत आणतो, ती तुझी आहे. हे पत्र मी निघताना टाकीन, म्हणजे ते माझ्या मागून येईल. आलं की ज्योतीला देऊ नकोस. तूच वाच, मोठ्यानं, भामाही असू दे. मी समोर बसलेला असेन. मधून उठणार नाही.

तुझा,
देवराव